अमेरिकेतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र: डिपोर्ट होऊन परत आलेल्या माणसाच्या अपिलाबद्दल

प्रति,
अमेरिकेतल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि सगळे मेंबर्स,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची कराडची, गेली एकोणीस वर्षं ह्यूस्टनला आहे. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आले, बरीच वर्षं काम करायची परवानगीच नव्हती, मग कम्युनिटी कॉलेजमध्ये पॅरालीगलचा, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाचा कोर्स केला आणि आता एका वकीलबाईंच्या छोट्या ऑफिसात नोकरी करते. फेडरल क्रिमिनल केसमध्ये शिक्षा झालेल्या, वकील परवडत नाही अशा लोकांची अपिलं कोर्टाकडून त्यांच्याकडे येतात. टेक्सासची अपिलं न्यू ऑर्लीन्सला फिफ्थ सर्किट नावाच्या फेडरल अपील कोर्टात जातात. मी वकील नाही, कायदेशीर सल्ला देत नाहीये, पण फायली मी वाचते, ट्रान्सक्रिप्ट मी वाचते, आणि शिक्षेच्या हिशोबाचे कागद पेन्सिल घेऊन ओळीओळीने तपासायचं काम माझंच.

आमच्याकडच्या फायलींमध्ये एक गुन्हा सारखा सारखा येतो. डिपोर्ट केलेला माणूस परवानगी न घेता परत आला. बस, एवढाच गुन्हा. त्याने परत आल्यावर चोरी केलेली नसते, कुणाला मारलेलं नसतं (केलं असेल तर ती वेगळी केस होते), तो फक्त इथे सापडलेला असतो. कलम १३२६ म्हणतात त्याला.

हे पत्र लिहायचं कारण सांगते. २०२५ च्या ५ फेब्रुवारीला अमेरिकेचं मिलिटरी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, हातात बेड्या, पायात साखळ्या, ते फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितलेत. जास्तीत जास्त लोक हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे होते, पण तिघे महाराष्ट्रातलेही होते. त्याच आठवड्याच्या शेवटी आमच्या मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता, इथे सगळं वीकेंड बघून ढकलायला लागतं तसा उशिरा. जेवणाच्या टेबलावर विषय निघाला आणि एक दादा, ज्यांना मी खूप मानते, ज्यांनी आम्ही नवीन असताना आम्हाला तीन आठवडे घरात ठेवून घेतलं होतं, ते म्हणाले, "आपण लाइनीत उभे राहिलो, हे लोक घुसले. आणि हाकलल्यावर परत येतात त्यांना तर सरळ दहा वर्षं आत टाकायला पाहिजे." टेबलावरच्या सगळ्यांनी मान हलवली. मी काही बोलले नाही. हातात तिळगूळ होता, तो तसाच राहिला. घरी येताना गाडीत नवऱ्याने विचारलं की गप्प का झालीस, तेव्हाही नीट सांगता आलं नाही. आता सांगतेय.

दादा, तुम्ही हे वाचत असाल तर पहिली गोष्ट ही की दहा वर्षं आत टाकायची सोय कायद्यात आधीच आहे. नुसतं परत येण्याला जास्तीत जास्त दोन वर्षं. आधी एखादी फेलनी, म्हणजे गंभीर वर्गातल्या गुन्ह्याची शिक्षा, झालेली असेल आणि मग डिपोर्ट होऊन परत आला, तर दहा वर्षांपर्यंत. आणि आधीचा गुन्हा "अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी"मध्ये बसत असेल तर वीस वर्षांपर्यंत. हा शब्द ऐकला की खून दरोडा असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं ना? मलाही यायचं. पण १९९६ च्या कायद्यानंतर चोरीच्या केसमध्ये एक वर्षाची शिक्षा सुनावली आणि ती सगळीच्या सगळी सस्पेंड केली, म्हणजे माणूस शिक्षेचा एक दिवसही न भोगता घरी गेला, तरी इमिग्रेशन कायद्याच्या नजरेत ती अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी होऊ शकते. वकील म्हणतो घ्या हो प्ली डील (म्हणजे गुन्हा कबूल करून सरकारी वकिलाशी तडजोड), जेल नाहीये, माणूस सही करून मोकळा होतो, आणि वर्षांनंतर तोच कागद दोनाचे वीस करतो.

प्रत्यक्षात वीस वर्षं जवळजवळ कुणालाच होत नाहीत, हे पण सांगायला पाहिजे. नेहमीची शिक्षा महिन्यांमध्ये असते, काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत. ते महिने कसे ठरतात हे कळलं की अपील म्हणजे काय ते कळेल, म्हणून जरा थांबून सांगते.

एक तक्ता असतो. उभ्या बाजूला गुन्ह्याची लेव्हल, आडव्या बाजूला माणसाच्या आधीच्या रेकॉर्डची कॅटेगरी, एक ते सहा. परत येण्याच्या गुन्ह्याची सुरुवात लेव्हल ८ पासून. आधीच्या शिक्षा जितक्या लांब तितकी लेव्हल वर चढते, गुन्हा कबूल केला की दोन-तीन लेव्हल खाली येते. रेकॉर्डसाठी पॉइंट्स असतात, तेरा महिन्यांच्या वरच्या शिक्षेला तीन, साठ दिवस किंवा जास्त असेल तर दोन, त्याहून कमीला एक. प्रोबेशन ऑफिसर हा सगळा हिशोब मांडून रिपोर्ट लिहितो, जज तो बघतात, आणि दोन रेघा जिथे मिळतात तिथे महिन्यांची रेंज सापडते. २००५ पासून ही रेंज जजना बंधनकारक नाही, पण हिशोब तिथूनच सुरू होतो आणि बहुतेक वेळा त्याच्या आसपासच संपतो.

आता हा हिशोब माणूस करतो, आणि माणूस चुकतो. २०१८ ची रोझालेस-मिरेलेस नावाची सुप्रीम कोर्टाची केस आहे, टेक्सासचीच, ह्याच गुन्ह्याची. रिपोर्टमध्ये त्याची २००९ ची एक जुनी छोटी शिक्षा दोनदा मोजली गेली. एकच शिक्षा, दोन ठिकाणी दोन-दोन पॉइंट्स. अकराचे तेरा झाले, पाचव्या कॅटेगरीतून तो सहाव्यात गेला, आणि रेंज ७० ते ८७ महिन्यांच्या ऐवजी ७७ ते ९६ महिने झाली. जजनी ७८ दिले. त्याच्या वकिलाला दिसलं नाही, सरकारी वकिलाला दिसलं नाही, जजना दिसलं नाही. अपिलात दिसलं. आणि तरी फिफ्थ सर्किट म्हणालं की हो, चूक झालीये, उघड चूक आहे, पण कुणाच्या विवेकाला धक्का बसेल एवढी मोठी नाही, सबब दुरुस्त करणार नाही. सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन असा तो निकाल फिरवला आणि सांगितलं की हिशोबाच्या अशा चुकीने माणूस गरजेपेक्षा जास्त दिवस आत राहू शकत असेल तर साधारणपणे ती दुरुस्त करायलाच पाहिजे. त्याच्या दोन वर्षं आधी, २०१६ मध्ये, मोलिना-मार्टिनेझची केस, तीही टेक्सासची, तोच गुन्हा, आणि योगायोग बघा, आकडेही तेच, ७० ते ८७ च्या जागी ७७ ते ९६.

दोन्ही रेंजच्या खालच्या टोकांत फरक सात महिन्यांचा. म्हणजे शाळेचं जवळजवळ एक वर्ष. तुमच्याकडे इन्कम टॅक्सचं पत्र आलं की तुम्ही सीपीएला फोन करता, बेरजेत चूक आहे म्हणता, कुणी तुम्हाला म्हणत नाही की टॅक्स भरायचाच होता ना मग कशाला भांडता. अपील म्हणजे बहुतेक वेळा एवढंच असतं. मी दोषी नाही असं तो म्हणत नसतो, त्याने गुन्हा कबूल केलेला असतो. तो म्हणतो, बेरीज परत तपासा.

आणि ती तपासायला किती वेळ मिळतो? शिक्षेचा निकाल कोर्टात नोंदला गेल्यापासून चौदा दिवस. त्यात अपिलाची नोटीस गेली पाहिजे. एक पानाचा कागद असतो तो, कारणंही लिहावी लागत नाहीत. पुढे फार तर तीस दिवसांची मुदतवाढ मागता येते, तीही चांगलं कारण असलं तर. एकदा एका बाईंचा फोन आला होता, नवरा रूफिंगचं काम करायचा, दोन मुली इथल्याच जन्माच्या, आमच्या घरापासून वीस मिनिटांवर राहतात. वकील म्हणाला आता काही होत नाही, म्हणून गप्प बसलो, मग चर्चमध्ये कुणीतरी सांगितलं की अपील असतं, असं म्हणाल्या. मी निकालाची तारीख विचारली आणि फोनवरच बोटं मोजली. पन्नासावा दिवस होता. त्या बाईंना ते सांगताना माझा आवाज कसा झाला होता ते मला अजून आठवतं, आणि त्या मलाच म्हणाल्या की तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तिकडे बेरजेत चूक होती की नव्हती हे मला आजही माहीत नाही कारण ती फाईल आमच्याकडे आलीच नाही. म्हणून तर चौदा दिवस हा आकडा मी भेटेल त्याला सांगत सुटते. क्लायंटने सांगितलं की अपील कर, तर वकिलाला नोटीस द्यावीच लागते, प्ली डीलमध्ये अपिलाचा हक्क सोडल्याची सही असली तरी, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय.

बेरजेच्या पलीकडे अजून एक मुद्दा आहे, तो मला सगळ्यात जास्त खातो.

अमेरिकेत शिक्षेची कमाल मर्यादा वाढवणारी गोष्ट आरोपपत्रात लिहिली पाहिजे आणि ज्यूरीसमोर सिद्ध झाली पाहिजे, हा नियम २००० साली सुप्रीम कोर्टाने घालून दिला. एकच अपवाद ठेवला, आधीची शिक्षा. आणि तो अपवाद आला कुठून, तर १९९८ च्या अल्मेंडारेझ-टॉरेस ह्या केसमधून, जी ह्याच कलमाची आहे. त्याच्या आरोपपत्रात जुन्या शिक्षांचा उल्लेखच नव्हता. तो म्हणाला मग माझी मर्यादा दोन वर्षं. कोर्ट पाच विरुद्ध चार मतांनी म्हणालं नाही, जुनी शिक्षा ही जजनी बघायची गोष्ट आहे, आणि त्याची ८५ महिन्यांची शिक्षा कायम राहिली. त्या पाच जणांमधले एक, जस्टिस थॉमस, दोनच वर्षांनी लिहून मोकळे झाले की ते मत देताना माझी चूक झाली. म्हणजे बहुमत उरलंच नाही, तरी निकाल उभा आहे. २०२४ मध्येही कोर्टाने तो अपवाद अगदी अरुंद आहे असं म्हटलं पण काढला नाही. त्यामुळे काय होतं माहितीये का, आजही टेक्सासमधली कितीतरी अपिलं अशी असतात की त्यात हा एकच मुद्दा असतो, वकील स्वतःच लिहितो की हा मुद्दा ह्या कोर्टात चालणार नाही, फक्त पुढे कधी सुप्रीम कोर्ट बदललं तर आमचा हक्क जाऊ नये म्हणून मांडतोय. सरकार म्हणतं लगेच निकाल द्या, कोर्ट दोन परिच्छेदांत निकाल देतं. मी तो मजकूर इतक्या वेळा टाइप केलाय की पाठ झालाय, आणि दर वेळी खाली नाव वेगळं असतं.

त्यात भर म्हणजे वेळ. अपिलाला कधीकधी वर्ष लागतं आणि शिक्षाच वर्षाची असते. निकाल येईपर्यंत माणूस सुटून परत डिपोर्ट झालेला. मग कोर्ट विचारतं की आता ह्यात उरलंय काय. कधी सुपरवाइज्ड रिलीज उरलेलं असतं, म्हणजे सुटल्यावरची देखरेख, तेवढ्यावर केस जिवंत राहते. ते लहान वाटतं पण नाहीये, कारण त्या मुदतीत तो पुन्हा आला तर नवीन गुन्हा एक आणि देखरेख मोडल्याची शिक्षा वेगळी, आणि दोन्ही एकापाठोपाठ एक भोगायला लावता येतात.

आता तुम्ही म्हणाल आपला ह्याच्याशी काय संबंध, आपण ग्रीन कार्डवाले, सिटिझनवाले. पालोमार-सँटियागो ह्या माणसाकडे १९९० पासून ग्रीन कार्ड होतं. दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झाली, १९९८ मध्ये सरकारने ते अ‍ॅग्रव्हेटेड फेलनीत धरलं आणि डिपोर्ट केलं. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका दुसऱ्याच केसमध्ये सांगितलं की दारू पिऊन गाडी चालवणं त्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे त्याचं ग्रीन कार्ड ज्या कारणाने गेलं ते कारणच चुकीचं होतं. २०१७ मध्ये तो इथे सापडला, केस झाली, तो म्हणाला की मुळात डिपोर्टेशनच चूक होतं. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की ते असू दे, पण तुम्ही त्या वेळी इमिग्रेशनच्या वरच्या बोर्डाकडे अपील केलं होतं का? जुन्या डिपोर्टेशनवर बोट ठेवायचं तर कायद्याच्या तीनही अटी पूर्ण पाहिजेत, एक जरी राहिली तरी नाही. त्याने त्या वेळी अपिलाचा हक्क सोडून दिला होता. आपल्यापैकी किती जणांच्या मुलांकडे अजून ग्रीन कार्डच आहे, सिटिझनशिपचा फॉर्म "भरू की आरामात" म्हणून राहिलाय, आणि मुलं कॉलेजात आहेत? मी घाबरवायला लिहीत नाहीये. पण "ते" आणि "आपण" ह्यांच्यामधली भिंत दादांना वाटते तेवढी जाड नाही.

आणि ती लाइन. लाइनीत मीही उभी होते, बारा वर्षं, त्या काळात बाबा गेले आणि व्हिसा स्टॅम्पिंगची तारीख मिळेना म्हणून मी जाऊ शकले नाही. त्यामुळे लाइनीचा राग मला समजतो. पण परत येणं हा गुन्हा ठरवणारा कायदा पहिल्यांदा झाला १९२९ मध्ये. साउथ कॅरोलायनाचे सिनेटर कोलमन ब्लीझ, उघड उघड वर्णद्वेषी माणूस, त्यांनी तो आणला, मेक्सिकन मजुरांना डोळ्यासमोर ठेवून. त्या वर्षी आपल्यासाठी लाइन होती का? नव्हती. १९१७ च्या कायद्याने भारतातून येणं जवळपास बंद केलेलं होतं, १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भारतीय माणूस गोरा नाही म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही असं सांगितलेलं होतं, आणि १९४६ मध्ये दार किलकिलं झालं तेही वर्षाला शंभर जणांपुरतं. खरं दार उघडलं १९६५ नंतर. २०२१ मध्ये नेवाडाच्या जज मिरांडा डू ह्यांनी ह्या इतिहासाकडे बोट दाखवून कलम १३२६ घटनाबाह्य ठरवलं होतं. २०२३ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. इतिहास मात्र फिरत नाही.

शिवाय डिपोर्ट झालेल्या माणसाची लाइन कोणती? पाच वर्षं बंदी, दहा वर्षं बंदी, वीस वर्षं, काहींना कायमची, आणि त्याआधी यायचं तर सरकारची खास परवानगी, जी अर्ज करून मिळेलच असं नाही. त्या रूफिंगवाल्याच्या मुली तोवर मोठ्या होऊन जातात. त्याने येऊ नये असं मीही सांगेन, प्रत्येकाला सांगते, परवानगीशिवाय येऊ नका, दुसऱ्यांदा फार महाग पडतं. पण तो का आला हे मला कुणी समजावून सांगायला लागत नाही.

मला तुमच्याकडून काय हवंय ते आता लिहिते. एक तर भाषा. डिटेन्शनमध्ये असलेल्या भारतीय लोकांच्या वकिलांना हिंदी, गुजराती, पंजाबी बोलणारी माणसं मिळत नाहीत, म्हणजे कोर्टातला दुभाषा कोर्ट आणतं, पण गावाकडच्या आईला फोन करून काय झालंय ते सांगणारं कुणी नसतं. आपल्यात इंदूर-बडोद्याची किती घरं आहेत, त्यांना हिंदी-गुजराती घरच्यासारखी येते. आठवड्याला एक तास पुरे. दुसरं, शिक्षेच्या आधी जजना ओळखीच्या माणसांनी पत्रं लिहिता येतात, त्यांचा उपयोग होतो. तुमच्या घराचं छप्पर घातलेला, तुमच्या रेस्टॉरंटच्या किचनमध्ये दहा वर्षं भांडी घासलेला माणूस पकडला गेला आणि तुम्हाला तो चांगला वाटत होता, तर तसं एक पान लिहा, त्यात तुमचं काही जात नाही. आणि जे मतदार आहेत त्यांनी आपापल्या काँग्रेसच्या प्रतिनिधीला लिहावं की ही दोन-दहा-वीसची शिडी काढा, निदान ती चढवायची असेल तर ज्यूरीसमोर चढवा. मजकूर मी लिहून देते.

आमच्या मंडळाची जनरल बॉडी पुढच्या महिन्यात आहे. सेक्रेटरींना मी वेगळी ईमेल केलीये, अजेंड्यावर वीस मिनिटं मागितली आहेत. दादांनी पुढच्या रांगेत बसावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, त्यांना पटलं नाही तर त्यांनी तिथेच उठून विचारावं, मी ह्या वेळी गप्प बसणार नाही. दुसऱ्या शहरांतल्या मंडळांनी बोलावलं तर गाडी चालवत येईन, डॅलस, ऑस्टिन, सॅन अँटोनियो कुठेही, शनिवारी मला सुट्टी असते.

तुमची,
ह्यूस्टनमधली एक मेंबर